गाडीतला वूफर प्रत्येक गाण्यात एकच ‘भुंम्म’ करतोय? आधी बॉक्स उघडून बघा

तक्रार ठरलेली असते. बारा इंची वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर घेतला, अ‍ॅम्प घेतला, दुकानातूनच बॉक्सही करून घेतला. पहिले काही दिवस मित्रांना गाडीत बसवून डिकी कशी हादरते ते दाखवून झालं. मग हळूहळू लक्षात येतं की गाणं कुठलंही लावा, बेस गिटार वर जावो नाहीतर खाली, मागून सूर एकच येतो: भुंम्म. ढोल लावला तरी तोच, की-बोर्डचा बेस लावला तरी तोच. दुकानदार म्हणतो, अ‍ॅम्प कमी पडतोय. मोठा अ‍ॅम्प येतो, भुंम्म मोठा होतो. मग वूफर बदलला जातो. पावसाळा लागला की त्यात फुरफुर आणि करकर यांचीही भर पडते.

अशा गाड्या बघताना बहुतेक वेळा वूफर आणि अ‍ॅम्प ठणठणीत सापडतात, बिघडलेला असतो तो बॉक्स. लाकडाच्या खोक्यात बिघडण्यासारखं काय असतं असं वाटतं खरं, पण वूफर किती खालच्या सुरापर्यंत जाईल, कुठे फुगेल आणि कुठे गप्प बसेल हे अर्धंअधिक त्या खोक्यातली हवा ठरवते. म्हणून पुढचा पैसा खर्च करायच्या आधी एक रविवार बॉक्सला द्या.

आधी आवाज नीट ओळखा

‘बेस खराब येतोय’ यात निदान तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी. एकच सूर घुमत असेल तर बॉक्सचं माप चुकलंय, किंवा काही बॉक्सना हवेसाठी पाइप असतो त्याचं ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स आणि पाइपातली हवा मिळून ज्या सुराला घुमते तो सूर. फुरफुर किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर कुठूनतरी हवा सुटतेय, नाहीतर पाइप बारीक पडतोय. खडखड, झणझण असेल तर बॉक्स निर्दोष असूनही डिकीचा पत्रा, नंबर प्लेट किंवा मागचा ट्रे वाजत असू शकतो.

यासाठी फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही साधं अ‍ॅप पुरतं. २० ते ८० हर्ट्झमध्ये एकेक हर्ट्झने वर सरकत जायचं, आवाज कमी ठेवून. त्याआधी अ‍ॅम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर आणा. हा नॉब बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये ४५ हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उचलतो आणि दुकानातून गाडी निघते तेव्हा तो हमखास चढवलेला असतो, कारण पहिल्या ऐकण्यात गिऱ्हाईक खूश होतं. सहा डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे चौपट ताकद मागणं. लो पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या जवळ ठेवा. तो १२०–१५०वर असेल तर गायकाचा आवाजसुद्धा डिकीतून आल्यासारखा वाटतो. एवढ्यानेच काही गाड्या सुधारतात, आणि मग बॉक्स उघडायची गरजच उरत नाही.

चाचणी दिवसा करा. रहिवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ३० हर्ट्झचा टोन लावला की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत येतातच.

अगरबत्ती फिरवा

हवा सुटतेय का हे बघायला अगरबत्तीइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. बॉक्स गाडीतून बाहेर काढा, स्पीकरची वायर लांब घ्या आणि बॉक्स गाडीपासून दूर जमिनीवर ठेवा. गाडी सीएनजीवर असेल तर हे सक्तीचं समजा, त्या डिकीत काही पेटवायचं नाही. पाइपवाला बॉक्स असेल तर पाइपात जुना टॉवेल घट्ट कोंबा. ३५–४० हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात चालू करा आणि अगरबत्तीचा धूर सांध्यांवरून सावकाश फिरवा. जिथे हवा सुटत असते तिथे सरळ चाललेली धुराची रेघ एकदम थरथरायला लागते.

पहिला संशयित म्हणजे मागची प्लॅस्टिकची टर्मिनल वाटी. ती चार बारीक स्क्रूंवर, खाली काहीच न लावता बसवलेली असते. दुसरा संशयित स्पीकरची कड. भोक हाताने कापलेलं असलं की ते एका बाजूला उंचसखल राहतं आणि स्पीकरसोबत आलेली गॅस्केट तेवढी फट भरून काढत नाही. तिसरा संशयित मागचे खालचे कोपरे. तिथे कार्पेट इतकं छान चिकटवलेलं असतं की आत सांधा उघडा आहे हे डोळ्यांना दिसत नाही, धुराला मात्र कळतं.

पाइप नसलेल्या सीलबंद बॉक्समध्ये आणखी एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही तळवे कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, सारखे टेकवून तो हळूच आत दाबा आणि तसाच धरून ठेवा. आतली हवा हाताला विरोध करते. धरून ठेवलेलं असताना तो विरोध भराभर सैल पडत गेला तर हवा बाहेर चाललीय.

फट बुजवायला आतून सिलिकॉन चालतो, पण आंबट वास येणारा सिलिकॉन लावून लगेच स्पीकर बसवू नका. ती वाफ आत कोंडली की स्पीकरच्या तारा आणि डिंक या दोघांनाही त्रास होतो. दिवसभर, जमलं तर दोन दिवस बॉक्स उघडा ठेवा. लाकडाच्या सांध्याला मात्र फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून आतल्या कोपऱ्यात बोटाने भरायची सुतारांची जुनी रीत मला सिलिकॉनपेक्षा जास्त पटते. ती लाकडाशी एकजीव होते आणि थरथरीने सुटत नाही. टर्मिनल वाटीखाली आणि स्पीकरच्या कडेखाली दाराला लावतात ती फोमची पट्टी पुरते.

पाइप कापला की काय होतं

मुख्य घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

एक बॉक्स डोळ्यांसमोर आणा. बाहेरून ५५ सेंमी रुंद, ३६ उंच, ३५ खोल, १८ एमएमचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी). बाहेरची मापं गुणली तर ६९ लिटर येतात आणि बिलावर ‘सत्तर लिटर’ लिहिलं जातं. पण वूफरला बाहेरची मापं दिसत नाहीत. प्रत्येक मापातून दोन फळ्यांची जाडी वजा केली की आत उरतात ५१.४ × ३२.४ × ३१.४, म्हणजे ५२ लिटरच्या जरा वर. त्यातून वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट मिळून अडीच लिटर, पाइप साडेतीन लिटर आणि आतली आडवी पट्टी सव्वा लिटर काढा. खरी हवा उरली ४५ लिटर. वूफरसोबत आलेल्या कागदावर ४५ लिटर आणि ३५ हर्ट्झ ट्यूनिंग लिहिलेलं असेल तर हा बॉक्स अगदी बरोबर आहे. त्याच कागदाला बघून बाहेरून ४५ लिटरचा बॉक्स केला असेल तर वूफर गुदमरणार.

आता पाइप. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ११० एमएमचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० असतो, आतून साधारण १०४. लांबी काढायची रीत अशी: आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला २३,५६२.५ ने गुणा. खाली ट्यूनिंगच्या हर्ट्झचा वर्ग गुणिले बॉक्सचे निव्वळ लिटर. भागाकार आला की त्यातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. ही वजाबाकी एवढ्यासाठी की पाइपच्या दोन्ही तोंडांशी असलेली थोडी हवाही पाइपातल्या हवेबरोबर हलत असते. आपल्या बॉक्सला ४६.२ वजा ७.६, म्हणजे ३८.६ सेंमी लांब पाइप लागतो.

आणि बॉक्स आतून खोल किती? ३१.४. त्यातही पाइपच्या आतल्या तोंडापासून मागच्या फळीपर्यंत निदान पाइपच्या व्यासाएवढी, म्हणजे दहा सेंमी जागा मोकळी हवी. सरळ पाइप इथे बसतच नाही.

मग काय होतं ते एका स्विफ्टच्या डिकीत दिसलं. बॉक्स बाहेरून देखणा, काळं कार्पेट, कोपऱ्यांना स्टीलची टोपणं. वूफर काढून टॉर्च मारली तर पाइपची कड करवतीने तिरकी कापलेली, वरचे पीव्हीसीचे कीसही तसेच लटकत होते. टेपने मोजला तर जेमतेम वीस सेंमी. बॉक्स बनवणाऱ्या मिस्त्रींना विचारलं तर शांतपणे म्हणाले, “दादा, पाइप मागच्या फळीला टेकत होता, म्हणून कापला. आवाज तर येतोय ना?”

आवाज येत होता, तोच तर प्रश्न होता. वीस सेंमीच्या पाइपने त्या बॉक्सचं ट्यूनिंग ३५ वरून ४५ हर्ट्झच्या आसपास जातं. बेस बूस्टचा पट्टा तोच. शिवाय बंद गाडी स्वतःही खालचे सूर उचलते. छोट्या गाडीत ही वाढ साधारण ६०–७० हर्ट्झच्या खाली सुरू होते. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी चढल्या की तिथे डोंगर उभा राहतो आणि त्याच्या खालचं सगळं सपाट होतं. मोठा अ‍ॅम्प लावला की डोंगर उंच होतो, एवढंच.

तुमच्या बॉक्सचं खरं ट्यूनिंग बघायला काहीही उघडावं लागत नाही. टोन चालू ठेवून वूफरच्या कोनकडे बघा. एका ठरावीक हर्ट्झला कोन जवळजवळ हलायचा थांबतो आणि त्याच वेळी पाइपच्या तोंडातून हवेचे सगळ्यात जोरदार झोत येतात, समोर धरलेला कागदाचा कपटा फडफडतो. तो आकडा म्हणजे तुमचं ट्यूनिंग. कागदावर ३५ असेल आणि कोन ४५ला थांबत असेल तर पाइप आखूड आहे किंवा बॉक्स लहान आहे. त्या आकड्याच्या बरंच खाली जाऊन आवाज वाढवू नका. तिथे हवेचा आधार सुटतो आणि कोन बेभान हलतो. अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) असेल तर तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा. पाइपवाल्या बॉक्सचे वूफर जास्त करून इथेच मरतात, आणि नाव मात्र अ‍ॅम्पचं निघतं.

दुरुस्ती अवघड नाही. बारा इंची वूफरचं भोक साधारण २८ सेंमीचं असतं, हात कोपरापर्यंत आरामात आत जातो. ११० एमएमचा बेंड आणून पाइप आत वळवा आणि हवी ती लांबी मधल्या रेषेवरून मोजा. बेंडच्या आतल्या किंवा बाहेरच्या वळणावरून मोजलं की हिशोब फिरतो. समोरच्या फळीची जाडीही लांबीत धरायची. वळवलेला पाइप मॅग्नेटला घासत नाही ना हे वूफर नुसता ठेवून बघा, सॉल्व्हेंट (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) त्यानंतरच लावा. फळीतून पाइप जिथे बाहेर येतो तिथली फट एम-सीलने भरा.

‘मग बारीक पाइप लावू, आखूड चालेल’ हा सल्ला मिळेल. हिशोबात तो बरोबरही आहे: ७५ एमएमचा, आतून सुमारे ७० एमएम असलेला पाइप याच बॉक्सला १६ सेंमीत ३५ हर्ट्झ देतो. पण तोंडाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं आणि तेवढीच हवा दुपटीहून जास्त वेगाने पळते. आवाज चढवला की गाण्यापेक्षा फुर्र-फुर्रच जास्त ऐकू येतं. बारा इंचीला ११० च्या खाली जाऊ नये, आणि दोन्ही तोंडांच्या कडा कानशीने गोल कराव्यात, असं माझं मत.

डिकीत सिलेंडर असेल तर

मुंबईत हा प्रश्न प्रत्येक दुसऱ्या माणसाला येतो. डिकीत सीएनजीचा सिलेंडर बसला की उरलेल्या जागेत पाइपवाला बारा इंची बॉक्स कोंबायचा हट्ट सोडा. दहा इंची किंवा आठ इंची वूफर आणि सीलबंद बॉक्स घ्या. सीलबंद बॉक्समध्ये चुकायला जागा कमी असते, पण लहान बॉक्सची किंमत असतेच. समजा वूफरच्या कागदावर एफएस (वूफरचा स्वतःचा घुमण्याचा सूर) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (तो सूर किती घुमत राहतो त्याचा आकडा) ०.५ आणि व्हीएएस (वूफरइतकीच लवचिक असलेली हवा) ५० लिटर आहे. ५० लिटरच्या सीलबंद बॉक्समध्ये एकूण क्यू ०.७१ येतो, म्हणजे सपाट, स्वच्छ. २५ लिटरमध्ये तो ०.८७ होतो, गाडीत हे खपून जातं. १५ लिटरमध्ये १.०४ होतो, रेझोनन्स (घुमण्याचा सूर) ६२ हर्ट्झवर चढतो आणि पुन्हा तोच भुंम्म, फक्त वरच्या पट्टीत. हे आकडे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन इंजिनिअरांच्या गणितातून येतात. प्रत्येक बऱ्या वूफरच्या खोक्यात या आकड्यांचा कागद असतो आणि तो बहुतेक वेळा खोक्यासकट रद्दीत जातो. तो जपा.

बॉक्स जरासाच लहान पडत असेल तर उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस पिंजून सैलसर भरा. वूफरला बॉक्स १०–२० टक्के मोठा असल्यासारखा वाटतो. गच्च दाबून भरलात तर उलट जागा कमी होते.

सिलेंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे अशा बेताने बॉक्स बसवा. अर्थिंगसाठी किंवा बॉक्स पक्का करण्यासाठी डिकीच्या पत्र्यात मनाला येईल तिथे स्क्रू मारू नका, खालून गॅसची नळी गेलेली असू शकते. आधी गाडीखाली वाकून बघा. शिवाय दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीसाठी) सिलेंडर उतरवावा लागतो, त्यामुळे बॉक्स अर्ध्या तासात निघेल असाच हवा.

पावसाळ्यात पुन्हा तेच का होतं

मे महिन्यात दुरुस्त केलेला बॉक्स जुलैत परत फुरफुरायला लागला की लोक वैतागतात. एमडीएफचा पृष्ठभाग बऱ्यापैकी टिकतो, पण कापलेली कड पाणी पिते. जुलै-ऑगस्टची मुंबईची हवा, उघड्यावर उभी गाडी, भिजलेली छत्री डिकीत टाकायची सवय, आणि टेललॅम्पच्या रबरातून झिरपणारं पाणी, या सगळ्याचा शेवट डिकीच्या कार्पेटवर होतो. बॉक्सची खालची फळी त्या ओल्या कार्पेटवर महिनोन्महिने बसलेली. कड फुगते, स्क्रूची पकड जाते, सांधा केसभर उघडतो. ऑक्टोबरमध्ये सुकल्यावर ती फट पूर्ण मिटत नाही. पुढच्या पावसात ती आणखी वाढते.

बोटाने खालच्या कडेवरून चाचपा. मधल्या भागापेक्षा कड जाड लागली, नखाने खवल्यासारखी उकलली, तर तो भाग वाचत नाही. सिलिकॉन लावून फक्त एक पाऊस ढकलता येतो. नवा बॉक्स करायचा असेल तर मी एमडीएफचा आग्रह धरणार नाही. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला १८ एमएम मरीन प्लाय महाग पडतो, पण मुंबईत तोच शहाणपणाचा. खर्च झेपत नसेल तर एमडीएफ घ्या, मात्र जोडणीनंतर प्रत्येक उघड्या कडेला आणि खालच्या फळीला सीलरचे दोन-तीन हात मारल्याशिवाय कार्पेट चिकटवू देऊ नका. सुतार म्हणेल, “कार्पेटखाली कोण बघतंय?” तरी मारून घ्या. जोडणीला वॉटरप्रूफ फेविकॉल वापरा, स्क्रूआधी बारीक ड्रिल मारा नाहीतर एमडीएफची कड चिरते, आणि रात्रभर शिकंज्यात ठेवा. वूफर धरायला लाकडी स्क्रूंऐवजी टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) आणि बोल्ट लावा. वूफर चार वेळा काढा-घाला केला तरी पकड जात नाही.

बॉक्सखाली रबराचे चार पाय लावून तो बोटभर वर उचला. आणि स्टेपनीची खोबण उघडून बघा, तिथे पाणी साचलेलं असेल तर आधी टेललॅम्पचं आणि डिकीच्या दाराचं रबर बदला. नाहीतर नवा बॉक्सही त्याच डबक्यावर बसवाल.

बॉक्स बरोबर निघाला, तरी बेस नाही

मग वायर बघा. वूफर दुहेरी कॉइलचा (आत तारेची दोन वेटोळी असलेला) असेल आणि एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले असतील तर दोन्ही एकमेकींना मारतात आणि कोन जेमतेम हलतो. अ‍ॅम्पच्या वायरा काढून दीड व्होल्टचा सेल एकेका कॉइलला क्षणभर लावा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर यायला हवा, दोन्ही वेळा. चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात. तुमचा अ‍ॅम्प दोन ओहम झेलतो का ते त्याच्या कागदावर बघा.

बेसच्या ठोक्याला दिवे मंद होत असतील तर इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मीटर लावा. बॅटरीवर १४ च्या आसपास दिसतंय आणि अ‍ॅम्पवर ठोक्याला १२ च्या खाली जातंय, तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा आहे. स्वस्त किटमधली जाड दिसणारी वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या ६० टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं. तार चाकूने खरवडून बघा, आत पांढरी निघाली की कळलं. अर्थ लावताना रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर लावा, सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका. आणि बॅटरीजवळ, फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज नसेल तर तो बसवेपर्यंत गाणी बंद.

राहिली खडखड. डिकीच्या दाराला हात लावून टोन वर-खाली करा, हाताच्या दाबाने आवाज थांबला तर आतून बिट्युमेनची (डांबराची) पट्टी चिकटवा. नंबर प्लेटच्या मागे फोमचे दोन तुकडे. बॉक्स पट्ट्याने आवळून बांधा. स्पीकरसकट त्याचं वजन वीस किलोच्या घरात जातं, आणि हायवेवर कचकन ब्रेक लागला की तो थेट मागच्या सीटवर येतो.